मलप्रभा : मुलीच्या एका दुर्मीळ नावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती या भागात मुलीसाठी ‘मलप्रभा’ हे नाव कोणी सुचवले की घरातील मंडळी, सोयरे आणि शेजारी साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. नाव नदीचे असल्यामुळे काही उत्तरांत नदीविषयी सविस्तर लिहावे लागले आहे, कारण नदी बाजूला ठेवून या नावाचा उलगडा होत नाही.

हे नाव आले कोठून?

हे नाव खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या मलप्रभा नदीचे आहे. बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याकडे जाताना जांबोटीच्या पुढे कणकुंबी हे गाव लागते. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर उंचीवर वसलेल्या या गावात माऊली देवीचे देऊळ आहे आणि तेथेच मलप्रभेचा उगम मानला जातो. तेथून ही नदी पूर्वेकडे वळते. जांबोटी आणि खानापूर ओलांडून ती एम. के. हुबळीजवळ पुणे–बंगळूर महामार्गाखालून जाते. पुढे मुनवळ्ळी, सौंदत्ती, रामदुर्ग अशी गावे घेत ती बदामी तालुक्यात शिरते आणि सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास करून बागलकोट जिल्ह्यातील कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते.

या प्रवासाचा पहिला टप्पा मराठी बोलणाऱ्या गावांतून जातो आणि उरलेला जवळजवळ सगळा कानडी मुलुखातून. त्यामुळे हे नाव दोन्ही भाषांच्या घरांत आढळते, आणि कोणत्याही एका भाषेने त्यावर हक्क सांगावा अशी स्थिती नाही. मुलीचे नाव म्हणून विचार करता मला यातच या नावाचे मोठेपण वाटते.

नावाचा अर्थ काय?

‘प्रभा’ म्हणजे तेज, प्रकाश. याविषयी कोणाला शंका नसते. प्रश्न पडतो तो ‘मल’ या पहिल्या भागाचा.

नदीचे जुने संस्कृत रूप ‘मलापहारी’ असे सांगितले जाते. मल म्हणजे मळ, दोष, पाप. आणि अपहारी म्हणजे हरण करणारी. ज्या पाण्यात स्नान केल्याने पाप फिटते ती मलापहारी, असा हा अर्थ आहे. ‘मलप्रहरी’ असेही एक रूप आढळते. बोलता बोलता ‘प्रहरी’चे ‘प्रभा’ झाले की कोणी जाणूनबुजून तेजाचा अर्थ त्यात आणला, हे ठरवण्याच्या भरीस न पडता एवढे निश्चित म्हणता येते की आजच्या रूपात नदीच्या पावित्र्याचा आणि तिच्या तेजाचा असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

दुसरे स्पष्टीकरण कानडीच्या अंगाने दिले जाते. कानडीत ‘मले’ म्हणजे डोंगर, रानाचा डोंगराळ मुलूख. ‘मलेनाडू’ या प्रदेशनामात हाच शब्द आहे. त्या अर्थाने मलप्रभा म्हणजे डोंगराची प्रभा, डोंगरातून आलेली उजळ नदी. पावसाळ्यात कणकुंबीचा डोंगर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा अर्थ मनापासून पटतो. मात्र जुन्या नावाच्या दृष्टीने पाहिले तर पहिले स्पष्टीकरण अधिक भक्कम आहे, आणि बारशाच्या पत्रिकेत अर्थ छापायचा असेल तर ‘पापमळ दूर करणारी, तेजस्वी’ असा छापावा.

‘मल’ म्हणजे घाण ना? मुलीला शाळेत चिडवणार नाहीत का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा याच प्रश्नापाशी हे नाव मागे पडते. म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देणे आवश्यक आहे.

निर्मला, विमला, अमला ही नावे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठेवली जातात. या तिन्ही नावांत ‘मल’ हाच शब्द आहे आणि तो याच अर्थाने आहे. निर्मलाबाईंना हाक मारताना कोणाच्या मनात घाण येत नाही, कारण मळ नाहीसा होण्याची गोष्ट त्या नावात आहे हे आपल्याला सवयीने ठाऊक झाले आहे. मलप्रभेच्या नावातही मळ नाहीसा होण्याचीच गोष्ट आहे. फक्त ती सांगणारे ‘अपहारी’ हे पद आजच्या रूपात उघड दिसत नाही. जो शब्द विमला या नावात चालतो तो मलप्रभा या नावात चालू नये, याला कारण नाही.

चिडवण्याविषयी म्हणाल तर सीमाभागात तशी भीती बाळगण्याचे कारण फारसे नाही. खानापूरच्या किंवा बैलहोंगलच्या शाळेतील मुलाला ‘मलप्रभा’ म्हटल्यावर पहिल्यांदा नदीच आठवते. तो त्या नदीवर पोहायला जातो, त्याच्या शेताला तिचे पाणी असते आणि घरी ‘मलप्रभेला पाणी चढलंय’ असे बोलणे तो ऐकत असतो. शब्दकोशातला अर्थ त्याच्या कानावर येईपर्यंत नाव अंगवळणी पडलेले असते. मुलगी पुढे पुण्या-मुंबईकडे शिकायला गेली तर तेथे मात्र हे नाव नवखे ठरेल आणि अर्थ विचारला जाईल. तेव्हा ‘आमच्या नदीचे नाव’ एवढे उत्तर तिला लहानपणापासून सांगता आले पाहिजे, आणि ते शिकवण्याचे काम आईवडिलांचे आहे.

नदीचे नाव मुलीला ठेवू नये असे शास्त्रात सांगितले आहे, हे खरे का?

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वधू निवडण्याविषयीचे नियम आहेत. त्यांत नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प इत्यादींच्या नावाची मुलगी करू नये असा एक श्लोक आहे, आणि वडीलधारी मंडळी आधार म्हणून तोच पुढे करतात. श्लोक आहे हे खरे. पण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तो कोणी पाळल्याचे दिसत नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, कावेरी, तुंगा, भागीरथी ही नदीचीच नावे आहेत, आणि रोहिणी, रेवती, अश्विनी ही नक्षत्रांची. हा नियम खरोखर लावायचा ठरवला तर आपल्या आज्या-पणज्यांपैकी निम्म्या तरी त्यात अडकतील. ज्या घरात गोदावरी चालते त्या घरात केवळ नदीचे नाव म्हणून मलप्रभा अडवू नये.

नदीला महापूर येतो. असे नाव ठेवणे अशुभ नाही का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेला मोठा पूर आला आणि खानापूरपासून रामदुर्ग, बदामीपर्यंत काठच्या गावांचे अतोनात नुकसान झाले. ज्यांची घरे त्या पाण्यात गेली त्यांच्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. तरीही काठच्या माणसांची रीत पाहिली तर वेगळेच चित्र दिसते. खानापूरजवळ हब्बनहट्टी येथे नदीच्या पात्रातच स्वयंभू मारुतीचे मंदिर आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते, आणि पाणी उतरले की गाळ काढून पूजा पुन्हा सुरू होते. पूर आला म्हणून कोणी नदीला नावे ठेवत नाही. उलट खण-नारळाने तिची ओटी भरतात. नदीला माहेरवाशिणीचा मान देणाऱ्या समाजात तिचे नाव मुलीला देणे अशुभ मानले जात नाही.

रेणुका-यल्लम्मेशी या नावाचा संबंध आहे का?

आहे, आणि तो जवळचा आहे. सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्मा म्हणजेच रेणुका. तिच्या कथेत मलप्रभेचे पाणी पदोपदी येते. जमदग्नी ऋषींच्या पूजेसाठी रेणुका रोज पहाटे नदीवर जाई, वाळूचा घडा करी, सापाचे वेटोळे चुंबळ म्हणून डोक्यावर ठेवी आणि त्या कच्च्या घड्यातून पाणी आणी. तिच्या पातिव्रत्याच्या बळावर तो घडा टिकत असे. एके दिवशी जलक्रीडा करणाऱ्या गंधर्वाकडे तिचे लक्ष गेले, घडा जमेना, आणि पुढे परशुरामाने पित्याच्या आज्ञेवरून मातेचा शिरच्छेद करण्यापर्यंत कथा गेली. या भागात कथा सांगताना ती नदी मलप्रभाच असते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे नदीवर बांधलेल्या धरणाच्या जलाशयाला ‘रेणुकासागर’ हे नाव दिले गेले, त्यामागेही हीच श्रद्धा आहे.

परशुरामाची कथा नदीच्या खालच्या अंगालाही सांगितली जाते. ऐहोळे येथे त्याने रक्ताने माखलेला परशू मलप्रभेत धुतला अशी आख्यायिका आहे. ऐहोळे, पट्टदकल ही चालुक्यांची मंदिरनगरे याच नदीच्या काठी आहेत, आणि पट्टदकलच्या मंदिरसमूहाचा समावेश १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. पट्टदकलला नदी उत्तरेकडे वळते. उत्तरवाहिनी पाणी अधिक पवित्र मानण्याची आपली परंपरा आहे, आणि चालुक्य राजांचे राज्याभिषेक तेथे होत असत.

ज्या घराण्यांची कुलदेवता यल्लम्मा आहे, पण ‘रेणुका’ हे नाव भावकीत आधीच दोघी-तिघींचे आहे, अशा घरांना मलप्रभा हे नाव फार शोभते. देवीची आठवणही राहते आणि नावाची पुनरावृत्तीही टळते.

लिंगायत घरांतही हे नाव ठेवतात का?

ठेवतात. मलप्रभा आणि कृष्णा यांच्या संगमावर, कूडलसंगम येथे, बसवेश्वरांचे ऐक्यस्थान म्हणजे समाधिस्थळ आहे, आणि एम. के. हुबळी येथे याच नदीच्या पात्रात त्यांच्या पत्नी गंगांबिका यांचे ऐक्यस्थान आहे. त्यामुळे शरण परंपरेतही, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांतही, या नदीला आदराचे स्थान आहे.

हे नाव कितपत प्रचलित आहे?

दुर्मीळ आहे, आणि त्याचा पट्टा स्पष्ट आहे. खानापूर, बेळगाव, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग, धारवाड, बागलकोट या बाजूला एखादी मलप्रभा भेटते. घाट उतरून कोकणात किंवा भीमेपलीकडे गेले की हे नाव कानावर येणे जवळपास थांबते. ‘प्रभा’ आणि ‘प्रभावती’ ही नावे मात्र मराठी मुलखात सगळीकडे आहेत.

गंमत अशी की ज्यांना या नावाची एकही मुलगी माहीत नाही त्यांनाही हा शब्द चांगला परिचयाचा असतो. एम. के. हुबळीचा साखर कारखाना मलप्रभेच्या नावाचा आहे. धारवाडला मुख्यालय असलेली मलप्रभा ग्रामीण बँक २००५ मध्ये कर्नाटक विकास ग्रामीण बँकेत विलीन होईपर्यंत खेडोपाडी पोहोचली होती, आणि जुन्या पासबुकांवर ते नाव अजून दिसते. ऊस, कर्ज, कालवा आणि धरण यांच्या निमित्ताने हा शब्द रोज उच्चारला जात असल्यामुळे तो माणसाचे नाव म्हणून सुचत नाही, असे माझे मत आहे. कृष्णेच्या नावानेही कारखाने आणि बँका आहेत, पण मुलीचे नाव म्हणून ती त्यांच्या आधीपासून रूढ होती. मलप्रभेच्या वाट्याला तसे आले नाही. शिवाय नाव चार अक्षरी आणि जोडाक्षराचे आहे, आणि अलीकडे दोन अक्षरी नावांकडे ओढा आहे.

या नावाची प्रसिद्ध व्यक्ती कोण?

बेळगाव तालुक्यातील तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधव. २०१८ मध्ये जकार्ता येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी कुराश या कुस्तीप्रकारात ५२ किलो वजनी गटात कांस्यपदक मिळवले. कुराश हा मूळचा मध्य आशियातील खेळ असून आशियाई स्पर्धेत त्याचा समावेश त्याच वर्षी पहिल्यांदा झाला. ज्युदोच्या तालमीत घडलेल्या या खेळाडूमुळे हे नाव सीमाभागाबाहेरच्या वृत्तपत्रांत ठळक अक्षरांत छापले गेले. मुलीसाठी हे नाव सुचवताना आता उदाहरण शोधावे लागत नाही, ही या भागासाठी अभिमानाची गोष्ट आहे.

मग ‘घटप्रभा’ हे नाव मुलींना का ठेवत नाहीत?

घटप्रभा ही जिल्ह्यातली दुसरी मोठी नदी, गोकाकचा धबधबा तिचाच. पण ‘घट’ या आरंभाचा उच्चार जड पडतो आणि हाक मारायला नाव सोयीचे होत नाही. मुलीचे नाव म्हणून ते रूढ झालेले नाही.

मल्लम्मा, मल्लव्वा ही याच नावाची रूपे आहेत का?

नाहीत. ती नावे मल्लय्या, मल्लिकार्जुन या शिवनामांच्या कुळातली आहेत आणि त्यांत ‘ल’ची जोडी आहे. ‘मल्लप्रभा’ असे लिहिलेले कधी कधी दिसते, ते चुकीचे आहे.

उच्चार कसा करावा आणि विभक्ती कशी लावावी?

मराठीत आपण ‘मल्‌-प्रभा’ असा उच्चार करतो, म्हणजे ‘ल’चा अकार गिळला जातो. कानडीत तो अकार पूर्ण उच्चारतात आणि ‘म-ल-प्रभा’ असे ऐकू येते. दोन्ही उच्चार आपापल्या भाषेत बरोबर आहेत. द्विभाषिक घरात मुलीला दोन्ही ऐकू येतील आणि तिला त्याची अडचण वाटणार नाही.

विभक्तीच्या बाबतीत नदी आणि मुलगी यांत मराठी माणूस आपोआप फरक करतो. नदीविषयी ‘मलप्रभेला पूर आला’, ‘मलप्रभेच्या काठी’ असे म्हणतो, तर मुलीविषयी ‘मलप्रभाला बोलाव’, ‘मलप्रभाचं दप्तर’ असे घरगुती बोलणे असते. औपचारिक लेखनात व्यक्तीसाठीही ‘मलप्रभेला’ हे सामान्यरूप शुद्ध आहे. लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां. मलप्रभा हिचा’ असे लिहिले की प्रश्नच उरत नाही.

घरी हाक कोणती मारावी?

मलू, प्रभा, प्रभू अशी लाडाची रूपे होतात आणि मोठेपणी प्रभाताई किंवा प्रभाक्का. ‘प्रभा’ ही हाक सर्वांत सोयीची आहे. माझा आग्रह एवढाच की कागदोपत्री नाव पूर्ण ठेवावे. ‘मल’ला बिचकून दाखल्यावर नुसते ‘प्रभा’ लिहिले की नदी निघून जाते आणि नाव इतर शेकडो नावांसारखे होते.

बारशाच्या दिवशीही नाव पूर्णच घ्यावे. पाळण्याखालून-वरून ‘कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या’ झाले की आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानाशी ‘कुर्रर्र’ करते आणि नाव सांगते, आणि तेवढ्यात बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. कानडी घरांतही हा मान सोदरत्तेचा, म्हणजे आत्याचाच असतो. आत्याला नाव आधी दोन-चार वेळा म्हणून घ्यायला सांगावे. गलक्यात ‘प्र’ निसटतो आणि बायका ‘काय म्हणाली?’ म्हणून पुन्हा विचारतात.

रास आणि नक्षत्र कोणते?

नावाच्या आद्याक्षराच्या प्रचलित पद्धतीत मा, मी, मू, मे ही अक्षरे मघा नक्षत्राची आणि सिंह राशीची आहेत. ‘म’ने सुरू होणारे हे नाव त्यात बसते. जन्मनक्षत्राचे अक्षर वेगळे असेल तर ते पत्रिकेतील नाव म्हणून ठेवून व्यवहारात मलप्रभा ठेवता येते.

जन्मदाखल्यावर नाव कसे नोंदवावे?

येथे काळजी घेतली नाही तर मुलीला पुढे वर्षानुवर्षे त्रास होतो. कर्नाटकात जन्मदाखला कानडी आणि इंग्रजीत मिळतो. मराठी रूप त्यावर येत नाही. कानडीत शेवटचा काना गळून ‘मलप्रभ’ किंवा तेथील वळणाने ‘मलप्रभे’ लिहिले जाण्याची शक्यता असते. रोमन लिपीत मराठी उच्चाराप्रमाणे ‘एल’नंतर थेट ‘पी’ लिहायचा की कानडी उच्चाराप्रमाणे मध्ये ‘ए’ घालायचा, हाही प्रश्न येतो. नदीचे नाव रोमन लिपीत बहुधा मधल्या ‘ए’सह लिहितात आणि तेच रूप घेणे इष्ट आहे, कारण कोणत्याही कार्यालयातील लिपिकाला ते आधीच ओळखीचे असते. कोणतेही रूप निवडले तरी जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि दहावीच्या एसएसएलसी गुणपत्रिकेत अक्षर न् अक्षर तेच राहिले पाहिजे. अर्ज भरताना तोंडी नाव सांगू नये; कानडी आणि रोमन अशी दोन्ही रूपे कागदावर स्वच्छ लिहून द्यावीत आणि दाखला हातात आल्यावर खिडकीपाशीच वाचून पाहावा.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मनोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. म्हणून त्यावरील चूक पूर्वीपेक्षा अधिक महागात पडते.

बारसे उशिरा झाले आणि नोंद नावाशिवाय झाली असेल तर?

नोंद रद्द होत नाही. जन्म नोंदवल्यापासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. अर्ज जेथे जन्म नोंदवला त्याच कार्यालयात करावा लागतो. बाळंतपण माहेरी झाले असेल तर ते कार्यालय माहेरच्या गावचे असते.